पट्टीवरचा पोपटी रंग

सकाळी साडेसातला लॅबचं शटर वर जातं तेव्हा पायरीवर पाच-सात जण बसलेले असतातच. उपाशीपोटी आलेले, हातात पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. रक्त द्यायला माणसं बाही वर करून निवांत बसतात. लघवीची बाटली मात्र काउंटरवर ठेवताना मान दुसरीकडे वळते. कुणी ती रुमालाखाली झाकून देतं, कुणी ‘ताई, ते... तिथं ठेवलंय’ म्हणून बाजूला होतं. लाजेचं काम आहे ते आपल्याकडे, अजूनही.

मी फलटणमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं काम करते आहे. रक्ताचं बहुतेक काम आता मशिन करतं, पण लघवीची पट्टी मी डोळ्यांनीच वाचते. बोटाएवढी प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर एकाखाली एक रंगीत चौकोन. बाटलीत बुडवायची, काठावर निथळायची, आडवी धरायची आणि घड्याळाकडे बघत थांबायचं. प्रथिनांचा चौकोन मुळात पिवळा असतो, लिंबाच्या सालीसारखा. लघवीत अल्ब्युमिन नसेल तर तो पिवळाच राहतो. असेल तर मिनिटभरात पोपटी होतो, जास्त असेल तर हिरवा, आणि फारच असेल तर निळसर हिरवा. गडद रंग कुणालाही कळतो. पण पिवळ्याचा जेमतेम पोपटी झाला असेल तर ट्यूबलाइटखाली फसायला होतं. अशा वेळी मी पट्टी घेऊन दाराशी जाते, उन्हाच्या उजेडात धरते आणि डबीवरच्या रंगांशी पुन्हा ताडून बघते.

त्या जेमतेम पोपटी रंगाबद्दल लिहायचं गेली दोन वर्षं माझ्या मनात आहे.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. गाळणी म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता. दिवसभरात दोन्ही मूत्रपिंडं मिळून सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं लिटर-दोन लिटर सोडून सगळं परत रक्तात घेतात. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन आकारानं मोठं, ते या गाळणीतून सहसा जात नाही. ते लघवीत दिसायला लागलं म्हणजे त्या बारीक वाहिन्यांच्या भिंती कुठेतरी सैल झाल्या. ताप असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल, आदल्या दिवशी फार श्रम झाले असतील, तरी तात्पुरतं दिसतं. म्हणून पुन्हा तपासायचं असतं. पुन्हा तपासलं आणि पुन्हा दिसलं, तर ते खरं.

मूत्रपिंडाची दुसरी तपासणी सगळ्यांना पाठ असते, क्रिएटिनिन. स्नायूंतून रक्तात येणारा हा टाकाऊ पदार्थ, मूत्रपिंडं थकली की रक्तात साठतो. ‘किडनी चांगली आहे, क्रिएटिनिन नॉर्मल आलंय’ हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकते. पण हा आकडा एकट्यानं वाचायचा नसतो. १.१ आकडा पंचवीस वर्षांच्या तरुणाचा असेल तर गाळण्याचा वेग, म्हणजे मूत्रपिंडं मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात तो आकडा, पंचाण्णवच्या आसपास निघतो. तोच १.१ अडुसष्ट वर्षांच्या आजीचा असेल तर पंचावन्न. छापील रिपोर्टवर दोघांच्याही आकड्यासमोर काहीच खूण नसते, दोघंही ‘नॉर्मल’च्या रकान्यात. मूत्रपिंडांचं निम्मं काम मंदावेपर्यंत क्रिएटिनिन गप्प बसू शकतं. पोपटी चौकोन त्याच्या कितीतरी आधी बोललेला असतो.

२०१४ च्या पावसाळ्यात अण्णांच्या पट्टीवरचा चौकोन पोपटी झाला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं गाडी चालवली, बहुतेक फलटण-पुणे. मी लहान असताना सुट्टीत त्यांच्या गाडीतून जायची तेव्हा बघितलंय, सीटवर बसले की आधी डॅशबोर्डवरचा हवेचा काटा बघायचे. ब्रेकच्या टाकीत हवा पुरती भरल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. मागून कंडक्टरनं डबल दिली तरी नाही. ‘काटा खोटं बोलत नाही’ असं म्हणायचे.

त्या दिवशी त्यांचा रक्तदाब १५८/९४ होता, क्रिएटिनिन १.२ आणि लघवीत प्रथिनं एक प्लस. वय बासष्ट. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. अण्णांनी ती पाकीट संपेपर्यंत घेतली, मग बीपी मोजलं, ते १३४ आलं, आणि त्यांनी गोळी बंद केली. ‘आता आलंय ना खाली? मग कशाला? सवय लागते त्या गोळीची.’ डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, रोज सकाळी चार किलोमीटर चालत होते. रिपोर्ट फ्रिजवर चुंबकाखाली अडकवला होता. महिनाभरात त्याच्या मागच्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहिला गेला. दिवसभर लोकांच्या रिपोर्टवर एक प्लस छापणारी मी, घरातल्या कागदाकडे पाठ करून स्वयंपाक करत राहिले. दोन-तीनदा बोलले, त्यांनी हात उडवला, मी सोडून दिलं. आजार अंगावर काढणं म्हणतात ते आम्ही दोघांनी मिळून केलं.

२०२२ च्या सुमारास अण्णा बदलायला लागले. विसरभोळे झाले असं म्हणता येणार नाही, आधी ते मंद झाले. भाजीवाल्याला पैसे देताना थांबायचे, नोटेकडे बघत राहायचे. पूर्वी ढांगा टाकत चालणारा माणूस पाय घासत, छोटी छोटी पावलं टाकायला लागला. बोलणं कमी झालं. पेपर हातात असायचा, पान उलटत नसायचं. आम्ही म्हटलं, वय झालं. एका डॉक्टरांना दाखवलं, तेही म्हणाले, वयोमानानं होतंच. मी त्यांना दोष कुठल्या तोंडानं देऊ?

एका दुपारी मी त्यांना सहज विचारलं, ‘अण्णा, पुण्याच्या गाडीचे थांबे सांगा बरं.’ हा आमचा लहानपणचा खेळ. ते म्हणायचे आणि मी मागून ओरडायची. ते सुरू झाले, ‘तरडगाव... लोणंद... नीरा...’ आणि थांबले. पालखीची वाट ती. या वाटेवरून त्यांनी हजारो खेपा केल्या असतील. नीरेचा पूल ओलांडला आणि पुढे रस्ताच नाही, असा चेहरा झाला त्यांचा. मी हळूच म्हटलं, ‘वा...’ लगेच म्हणाले, ‘वाल्हे! वाल्हे, जेजुरी, सासवड, दिवे घाट, हडपसर, स्वारगेट.’ एका दमात.

पुण्याला एमआरआय झाला. मेंदूविकारतज्ज्ञ बाई होत्या, शांत, वेळ देऊन बोलणाऱ्या. त्यांनी फिल्म लावली. मेंदूच्या आतल्या भागात, पोकळ्यांच्या कडेनं, पांढरे धुरकट पट्टे होते, आणि दोन ठिकाणी मसुराच्या दाण्याएवढे काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे होऊन गेलेले बारीक झटके, आम्हाला कुणालाही न कळलेले. मी थांब्यांची गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तुम्ही पहिलं अक्षर दिलंत आणि त्यांना आठवलं ना? आठवण पुसली गेलेली नाही. तिथपर्यंत पोचायचा रस्ता खराब झालाय.’ मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात असं पुष्कळदा दिसतं. मग त्यांनी विचारलं, ‘बीपी किती वर्षांपासून आहे? आणि लघवीतून प्रथिनं जातात का?’

मेंदूची डॉक्टर लघवीचं विचारते आहे, हे माझ्या कानांना खरं वाटेना. मी म्हटलं, ‘जातात. नऊ वर्षांपूर्वी मीच बघितली होती.’

घरी आल्यावर मी वाचायला बसले. मी काही संशोधक नाही. पण शब्द ओळखीचे होते, आकडे वाचता येत होते आणि उत्तर हवं होतं.

मेंदूचं वजन शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पंधरा टक्के वाटा त्याचा. दोन्ही मूत्रपिंडं मिळून शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि त्यांचा वाटा जवळजवळ वीस टक्के. हाताच्या किंवा पोटाच्या रक्तवाहिन्या गरज नसेल तेव्हा आकसतात, रक्त थोडं अडवतात. या दोन अवयवांत मात्र रात्रंदिवस, झोपेतसुद्धा, भरभरून रक्त वाहतं आणि वाहिन्या मोकळ्या असतात. म्हणजे वरून दाब वाढला की तो अडायला मध्ये फारसं काही नाही.

२००९ मध्ये जपानच्या सादायोशी इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक विचार मांडला. तो मला आमच्या शेतातल्या ठिबकमुळे लगेच समजला. ठिबकमध्ये मुख्य पाइपातून उपपाइप, उपपाइपातून नळी, असं पाणी उतरत येतं आणि प्रत्येक टप्प्याला दाब कमी होतो. एखादी बारीक नळी थेट मुख्य पाइपाला जोडली तर तिच्यावर पंपाचा सगळा दाब येतो. ती तट्ट फुगते आणि एक दिवस जोडातून सुटते. मेंदूच्या खोल भागाला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या आणि मूत्रपिंडाच्या आतल्या थरातल्या गाळण्यांकडे जाणाऱ्या वाहिन्या, दोन्ही अशाच आहेत. आखूड, बारीक आणि मोठ्या धमनीला थेट जोडलेल्या. सगळा ताण त्यांच्यावर येतो. इतोंचं म्हणणं असं, की लघवीत अल्ब्युमिन दिसणं हे त्या ताणाखाली भिंत हरल्याचं लक्षण आहे. इथे हरली असेल तर त्याच घडणीची तिथली भिंतही हरत असणार. तिथली भिंत आपल्याला दिसत नाही. इथली बाटलीत दिसते. नंतरच्या अभ्यासांतही लघवीतलं अल्ब्युमिन आणि मेंदूतले पांढरे पट्टे, स्मृतिभ्रंश, हे एकमेकांच्या सोबतीनं सापडत गेले आहेत.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. इतकी वर्षं मी ज्याला किडनीची तपासणी समजत होते, ती मेंदूचीही होती.

मग दाब कमी केला तर मेंदू वाचतो का? यावर अमेरिकेत स्प्रिंट नावाचा मोठा अभ्यास झाला. पन्नाशीच्या पुढची ९,३६१ माणसं, बीपी वाढलेलं, हृदयविकाराचा धोका जास्त. मधुमेह असलेले आणि आधी पक्षाघात झालेले यात नव्हते. निम्म्यांचा वरचा दाब १४० च्या खाली ठेवायचा आणि निम्म्यांचा १२० च्या खाली. २०१५ मध्ये हा अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला, कारण १२० वाल्या गटात हृदयविकार, पक्षाघात वगैरे पाव हिश्शानं कमी झाले होते आणि मृत्यू २७ टक्क्यांनी. २०१९ मध्ये याच माणसांच्या बुद्धीची मोजणी प्रसिद्ध झाली. स्मृतिभ्रंशाच्या आधीची जी पायरी असते, त्या पायरीवर पोचणारे १९ टक्क्यांनी कमी होते. पुऱ्या स्मृतिभ्रंशातला फरक मात्र पक्का म्हणण्याइतका ठरला नाही, अभ्यास लवकर थांबल्यामुळे तेवढी प्रकरणंच जमली नाहीत. काही जणांचे एमआरआय चार वर्षांच्या अंतरानं दोनदा काढले होते. पांढरे डाग दोन्ही गटांत वाढले, पण एका गटात सरासरी १.४५ घनसेंटिमीटर आणि दाब जास्त उतरवलेल्या गटात ०.९२.

अर्धा घनसेंटिमीटर. साबुदाण्याचे थोडे दाणे. पण अण्णांच्या फिल्मवर मी ते पट्टे बघितले होते, त्यामुळे मला ते थोडकं वाटत नाही. तो अर्धा घनसेंटिमीटर कुठल्या रस्त्यावर पडतो यावर सगळं आहे. नीरा आणि वाल्ह्याच्या मध्ये पडला तर?

दुसरी बाजूही त्याच अभ्यासात आहे. दाब फार उतरवलेल्या गटात चक्कर, दाब अचानक पडणं, मूत्रपिंडाला तात्पुरता धक्का बसणं, हे जास्त झालं. आणि तिथला १२० हा आमच्याकडच्या १२० सारखा नव्हता. माणसाला पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीला ठेवून, न बोलता घेतलेलं ते माप. आपल्याकडे पेशंट दोन जिने चढून येतो, धापा टाकत असतो, शेजारी नातू रडत असतो आणि तेवढ्यात पट्टा आवळला जातो. मग कुणाला नको ती गोळी मिळते आणि कुणाची हवी ती राहते. पाच मिनिटांची ती शांतता औषधाइतकीच महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत झालंय.

मला सर्वात जवळचा वाटलेला अभ्यास चीनच्या खेड्यांतला. ३२६ गावं, सुमारे ३४ हजार माणसं, सगळी चाळिशीच्या पुढची, बीपी ताब्यात नसलेली. निम्म्या गावांत तिथल्या गावडॉक्टरांना शिकवून तयार केलं. हे वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर नव्हेत, गावातच राहणारे आरोग्यसेवक. त्यांनी ठरलेल्या पायऱ्यांनी गोळ्या वाढवायच्या, माणसाला घरी मोजायला शिकवायचं, औषध फुकट किंवा स्वस्तात द्यायचं, मागे लागायचं. चार वर्षांनी त्या गावांत स्मृतिभ्रंश झालेल्यांचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी निघालं. हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. स्प्रिंटमध्ये अर्धवट राहिलेलं उत्तर या गावांनी दिलं, आणि तेही कुठल्या महागड्या यंत्राशिवाय.

वाचताना मला आमच्या आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर दिसत होत्या. आपल्याकडे भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आमचा सातारा होता. सोबत सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. ठरलेली गोळी, ठरलेल्या पायऱ्या, प्रत्येक माणसाचं कार्ड. म्हणजे बीज आपल्या मातीत आधीच पडलेलं आहे. गोळी बंद करणाऱ्या माणसाच्या दारात चौथ्यांदा जाणारी बाई लागते, बस.

दारात गेल्यावर काय बोलायचं, हा प्रश्न मला घरातच पडला होता. अण्णांचा राग ‘इंग्रजी’ गोळ्यांवर. एकदा मी त्यांना डॉ. रुस्तम जाल वकील यांची गोष्ट सांगितली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. १९४९ मध्ये त्यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पन्नास रुग्णांचा अभ्यास छापला. रक्तदाबावर त्यांनी वापरली होती सर्पगंधा, आपल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली मुळी. त्यानंतर जगाचं लक्ष या झाडाकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि १९५७ मध्ये वकिलांना वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिन आज फारसं वापरत नाहीत, त्यानं मन उदास होतं असं म्हणत. आताच्या गोळ्या वेगळ्या आहेत, हेही मी सांगितलं. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मुंबईच्या डॉक्टरनं मुळीतनं काढलं?’ दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर त्यांनी स्वतःहून गोळी मागितली. गोष्टीमुळे मागितली की मी रोज ज्या चेहऱ्यानं उभी राहत होते त्यामुळे, कोण जाणे.

मिठाचा विषय काढला तेव्हा मात्र घरात खडाजंगी झाली. आमच्याकडे भाकरीबरोबर खर्डा हवाच, ताटाच्या कडेला मिठाची चिमूट हवीच. चीनच्याच ६०० गावांत एक अभ्यास झाला, सुमारे २१ हजार माणसांचा. तो २०२१ मध्ये छापून आला. निम्म्या गावांत नेहमीच्या मिठाऐवजी तीन हिस्से साधं मीठ आणि एक हिस्सा पोटॅशियमचं मीठ असं मिश्रण दिलं. पाच वर्षांच्या आत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. बाजारात असं मीठ आपल्याकडेही मिळतं. पण ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. पोटॅशियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचंच, आणि ते रक्तात साठलं तर हृदय थांबवू शकतं. अण्णांचा गाळण्याचा वेग आता पन्नासच्या खाली आहे, म्हणून आमच्याकडे ते मीठ आलंच नाही. आईनं ताटाच्या कडेची चिमूट तेवढी बंद केली आणि खर्डा आठवड्यातून एकदा केला. त्या एका चिमटीसाठी अण्णा चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

लॅबमध्ये बसल्या बसल्या मला नवीन काळ असाही दिसतो. गेल्या काही वर्षांत पट्टीवरचा साखरेचा चौकोन काही जणांचा गडद तपकिरी यायला लागला, आणि त्याच माणसाची रक्तातली साखर पाहावी तर ताब्यात. पहिल्यांदा मला वाटलं सॅम्पल बदललं. मग त्यांच्या गोळ्यांची नावं विचारायला लागले आणि उलगडा झाला. ही औषधं मूत्रपिंडाला साखर परत घेऊ देत नाहीत, ती लघवीतून जाऊ देतात. यांची पणजी सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडली. फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य, युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी १८३५ मध्ये वेगळं केलेलं. मधुमेहासाठी बनलेली ही औषधं मूत्रपिंडं वाचवतात हे नंतर कळलं, आणि मधुमेह नसलेल्यांचीही वाचवतात हे २०२० मध्ये यांतल्याच डापाग्लिफ्लोझिन या औषधाच्या अभ्यासातून पुढे आलं. ४,३०४ माणसं होती त्यात. तोही अभ्यास फायदा इतका स्पष्ट दिसला म्हणून लवकर थांबवला. पाठोपाठ एम्पाग्लिफ्लोझिनचा आला, ६,६०९ माणसांचा. आजार पुढे सरकणं किंवा हृदयविकारानं मृत्यू येणं २८ टक्क्यांनी कमी.

हे कसं घडतं ते वाचलं तेव्हा मला पुन्हा ठिबक आठवलं. साखरेबरोबर मीठही मूत्रपिंडातल्या नळीतून पुढे जातं. पुढे एक जागा आहे, ती आलेलं मीठ चाखते आणि गाळणीकडे येणारी वाहिनी थोडी आवळते. आत शिरणारा दाब उतरतो. म्हणजे हे औषध शेवटी तेच करतं, त्या बारीक गुंत्यावरचा ताण कमी करतं. अण्णांनाही आता ते सुरू आहे. सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढतं, ते दाब उतरल्यामुळे. तेव्हा घाबरून आपल्या मनानं गोळी सोडायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. हे मी काउंटरवर आता प्रत्येकाला सांगते, विचारलं नाही तरी.

झोपेबद्दलही खूप वाचलं. मेंदूत धमन्यांच्या कडेकडेनं द्रव वाहतो आणि साचलेला कचरा धुऊन नेतो, असं मेंदूशास्त्रज्ञ मायकेन नेडरगार्ड यांच्या गटानं २०१२ मध्ये मांडलं, आणि उंदरांमध्ये झोपेत हे काम वाढतं असं २०१३ मध्ये. २०२४ मध्ये लंडनच्या एका गटाला उंदरांतच नेमकं उलट आढळलं. वाद चालू आहे आणि तो व्हायलाच हवा. मला त्यातली एकच गोष्ट धरून ठेवावीशी वाटते. २०१८ मध्ये नेडरगार्ड यांच्याच गटानं दाखवलं की तो द्रव धमनीच्या ठोक्यानं पुढे ढकलला जातो, आणि रक्तदाब वाढवला की धमनीच्या भिंतीची हालचाल बदलते नि हा प्रवाह मंदावतो. पुन्हा दाब, पुन्हा तीच भिंत.

आता लॅबमध्ये मी एक केलंय. बीपी किंवा मधुमेहाचा पेशंट फक्त क्रिएटिनिनची चिठ्ठी घेऊन आला की मी विचारते, ‘लघवीतलं अल्ब्युमिन कधी केलं होतं?’ बहुतेकांनी कधीच केलेलं नसतं. पट्टी पिवळीच दिसली तरी यंत्रावर ते मोजता येतं. लघवीतल्याच एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते ३० मिलिग्रॅमच्या खाली असावं. चिठ्ठीत नसलेली तपासणी मी आपल्या मनानं करू शकत नाही, पण मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून देते, ‘डॉक्टरांना विचारा.’ काही डॉक्टर रागावले. काहींनी दुसऱ्या दिवसापासून ती तपासणी लिहायला सुरुवात केली.

मागच्या महिन्यात गिरवीकडचा एक माणूस आला होता, चव्वेचाळीस वर्षांचा, ट्रॅक्टर चालवतो. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी रोज एक, चार वर्षं. अशा वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडांना इजा करू शकतात. पट्टी दाराशी नेली, पोपटी होती. मी त्याला तिथेच उन्हात उभं केलं, डबीवरचे रंग दाखवले आणि म्हटलं, ‘दादा, हा रंग नीट बघून ठेवा.’ त्यानं पट्टी माझ्या हातातून घेतली, लाजला नाही. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, ‘एवढाच फरक?’

एवढाच.

घरी रोज सकाळी सात वाजता अण्णांचं बीपी घेते. खुर्चीत पाठ टेकवून बसवते, पाय जमिनीला, हात टेबलावर. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. आई गॅस बारीक करते, मी मोबाईल बाजूला ठेवते. अण्णांना हे नियम पाठ झालेत, बाकी पुष्कळ सुटलं तरी. ते समोर भिंतीकडे बघत ताठ बसतात, गाडी सुरू व्हायच्या आधी बसायचे तसे, आणि मशिनचा आकडा वर चढून खाली उतरेपर्यंत त्याच्यावरची नजर काढत नाहीत.

‘किती आलं?’

‘एकशे अठ्ठावीस, शहात्तर.’

ते वही ओढतात. तारीख, वेळ, आकडा, लॉगशीट भरायचे तशा नीटस अक्षरात. पेन खाली ठेवतात. चहा येतो. दोन घोट झाल्यावर माझ्याकडे वळून विचारतात, ‘अगं, आज किती आलं?’

मी पुन्हा सांगते. ते पुन्हा लिहितात, पहिल्या ओळीच्या खाली.